साथरोग, शासन आणि धर्मगुरूंचा शब्द

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव सप्टेंबर २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे राज्यभर ओळखले जाऊ लागले. १ सप्टेंबर रोजी तेथे झालेल्या पोलिसांच्या लाठीमारानंतर शासनाच्या शब्दावर गावकऱ्यांचा विश्वास उरला नाही. मंत्री आले, अधिकारी आले. अखेर २ नोव्हेंबर रोजी निवृत्त न्यायमूर्ती उपोषणस्थळी गेले आणि त्यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर त्या वेळचे उपोषण थांबले. आंदोलनाच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. शासनाला आपला शब्द पोहोचविण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दाचा आधार घ्यावा लागतो, एवढेच त्या प्रसंगावरून लक्षात घ्यावयाचे आहे.

साथीच्या रोगात ही गरज अधिक तीव्र होते. ‘घराबाहेर पडू नका’, ‘रुग्णाला वेगळे ठेवा’, ‘मृतदेहाला स्नान घालू नका’, ‘यात्रेला जाऊ नका’, ‘लस टोचून घ्या’ या साऱ्या सूचना माणसाच्या घरात, देवघरात आणि स्मशानात शिरणाऱ्या असतात. तेथे तलाठ्याचा किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचा अधिकार चालत नाही. तेथे कीर्तनकार, मौलाना, महंत, धर्मोपदेशक, भंते यांचा शब्द चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, धर्मगुरू आणि श्रद्धाधिष्ठित समुदायांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती याच जाणिवेतून. महाराष्ट्राला मात्र हा धडा त्याआधी सव्वाशे वर्षे, फार मोठी किंमत मोजून मिळाला होता.

देवी, मरीआई आणि लस

रोग आणि देवता यांचे नाते मराठी भाषेतच मुरलेले आहे. ज्या रोगाने लाखो माणसे मारली वा आंधळी केली, त्याला आपण ‘देवी’ म्हणत आलो. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ आणि लस टोचली की ‘देवी काढल्या’. पटकीची साथ म्हणजे मरीआईचा कोप. गावोगावी मरीआईचा गाडा सजवून तो शिवेपलीकडे पोहोचविण्याची रीत होती. पलीकडच्या गावाने तो तसाच पुढे ढकलावयाचा. रोग आपल्या वेशीबाहेर गेला की आपण सुटलो, ही समजूत केवळ खेड्यातली नव्हती, हे करोनाकाळात शहरांच्या सीमांवर जे घडले त्यावरून दिसलेच.

या चालीरीतींकडे अंधश्रद्धा म्हणून बोट दाखविणे सोपे आहे. परंतु त्यांत व्यवहाराचा भागही होता. देवी आलेल्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावीत. परक्या माणसाने आत जावयाचे नसे आणि घरातल्यांनी सोयरिकी, समारंभ टाळावयाचे असत. विलगीकरणाचाच हा एक प्रकार. आरोग्य कर्मचाऱ्याने ‘तुमची देवी खोटी’ अशी सुरुवात केली तर दार बंद होते. ‘दाराला डहाळा बांधता तो कशासाठी?’ असे विचारले तर बोलणे सुरू होते.

मुंबईत देवीची पहिली लस १८०२ मध्ये टोचली गेली. देशातून हा रोग हटण्यास १९७५ साल उजाडावे लागले. एवढ्या दीर्घ काळात लसीचा दोष नव्हता. लस टोचणारा आणि टोचून घेणारा यांच्यातील अंतर हे विलंबाच्या कारणांपैकी एक होते.

पुणे आणि मुंबई, १८९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रुग्ण ओळखला. ऑक्टोबरच्या अखेरीस संतप्त गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारूनच टाकतात, अशी अफवा होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला आणि घरझडतीचे, माणसे हलविण्याचे, यात्रा व प्रवास बंद करण्याचे व्यापक अधिकार स्वतःकडे घेतले.

पुढचा इतिहास पुण्याच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद राहिला नाही. घरातील सामान जाळले गेले, स्त्रियांची तपासणी परपुरुषांनी केली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून टीका केली, मात्र ते केवळ टीका करून थांबले नाहीत, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे वेगळे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी पंडिता रमाबाईंनीही मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहिले. धर्माने आणि मताने एवढ्या दूरच्या दोन व्यक्ती एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होत्या, हे राज्यकर्त्यांना थांबून विचार करण्यास पुरेसे असावयास हवे होते. २२ जून १८९७ रोजी रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला मरण पावले.

त्याच वर्षी मुंबईत नेमके उलटे उदाहरण घडत होते, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. प्रश्न होता तो मोकळ्या माणसांचा. गोऱ्या डॉक्टरची सुई म्हणजे बाटविण्याचे किंवा मारण्याचे साधन, ही समजूत शहरभर पसरली होती. अशा वेळी खोजा इस्माइली समाजाचे इमाम, तिसरे आगाखान, हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचे वय तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. त्यांनी अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, जेणेकरून ‘इमामांना काही झाले नाही’ ही बातमी घराघरांत जावी. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली ‘खुश्रू लॉज’ ही इमारतही दिली. हजारो खोजांनी लस घेतली, आणि त्या समाजात लस घेतलेल्यांचे व न घेतलेल्यांचे प्रमाण ताडून पाहणे हाफकिन यांना शक्य झाले. लसीच्या उपयुक्ततेचे ते एक महत्त्वाचे प्रमाण ठरले. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

पुणे आणि मुंबई यांतील फरक धर्मगुरू ‘अनुकूल’ होते की ‘प्रतिकूल’ एवढाच नव्हता. आगाखानांना हाफकिन यांच्याकडून पूर्ण माहिती मिळाली, त्यांनी स्वतः निर्णय घेतला आणि धोका प्रथम स्वतःच्या अंगावर घेतला. पुण्यात मात्र स्थानिक प्रतिष्ठितांना निर्णय झाल्यानंतर झडतीच्या तुकडीबरोबर चालण्यास बोलाविण्यात आले. आधी आदेश आणि मग ‘तुमच्या लोकांना समजावा’ असे सांगणे म्हणजे धर्मगुरूचा ध्वनिक्षेपक करणे होय. ध्वनिक्षेपकावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

मुंबईलाही हे लगेच उमगले असे नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. परंतु साथीच्या त्याच वर्षांत शहरात विविध जातींनी आणि धर्मसमाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली आणि सरकारने त्यांना मान्यता दिली. आजच्या दृष्टीने जातवार रुग्णालय ही अभिमानाची गोष्ट नव्हे. त्या वेळी मात्र रुग्ण लपविण्याऐवजी खाटेवर यावा यासाठी ती तडजोड उपयोगी पडली.

पादुका एसटीने निघाल्या

पंढरीची वारी आणि साथरोग यांचा संबंधही जुना. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची पटकी हा इंग्रज आरोग्य अधिकाऱ्यांच्या अहवालांतील नित्याचा विषय होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तर पालखीकडेच प्लेगची वाहक म्हणून पाहिले जाऊ लागले. त्या काळी वारकऱ्यांशी बोलणे म्हणजे त्यांना अडविणे वा त्यांच्याकडून कर घेणे.

या पार्श्वभूमीवर २०२० चे वर्ष पाहावे लागते. मार्चमध्ये पैठणची नाथषष्ठीची यात्रा रद्द झाली. अंबड, घनसावंगी परिसरातील वारकऱ्यांना पैठण ही शेजारचीच पेठ; त्यामुळे गोदाकाठच्या गावांना साथीची पहिली चाहूल लागली ती अशी. आषाढी वारीबाबत शासनाने मे महिन्यात आळंदी, देहू येथील संस्थानांचे प्रमुख आणि वारकरी प्रतिनिधी यांच्याशी चर्चा केली. वारी रद्द करावयाची की नाही, हा प्रश्नच तेथे बदलला गेला. वारीतील न सोडता येण्याजोगे काय? तर परंपरा खंडित न होणे, प्रस्थान, आणि पादुकांची विठ्ठलाशी भेट. सोडता येण्याजोगे काय? लाखोंचा समुदाय आणि पायी चालणे, तेही एका वर्षापुरते. जूनच्या मध्यावर देहू आणि आळंदीत मोजक्या उपस्थितीत प्रस्थान झाले, पादुका मूळ ठिकाणीच मुक्कामी राहिल्या, आणि ३० जून रोजी फुलांनी सजविलेल्या एसटीच्या बसमधून पंढरपूरला रवाना झाल्या. पैठणहून नाथांच्या पादुकाही तशाच निघाल्या. १ जुलैला एकादशी झाली, पंढरपुरात संचारबंदी होती.

धर्माच्या आत शिरून काय बदलता येते हे आरोग्य अधिकारी ठरवू शकत नाही. पायी वारी हीच साधना मानणाऱ्याला ‘यंदा बसने पादुका गेल्या तरी वारी झाली’ असे म्हणण्याचा अधिकार फक्त त्या परंपरेतील माणसालाच असतो. शासनाने तो अधिकार मान्य केला, म्हणून ते वर्ष पार पडले.

दुसऱ्या वर्षी तेवढे सहज झाले नाही. २०२१ मध्ये दहा मानाच्या पालख्यांना बसने जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा बंडातात्या कराडकर यांनी पायी वारीचा आग्रह धरला आणि जुलैत पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. पायी वारीची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. मधल्या काळात मद्यालये उघडली आणि मंदिरे बंद राहिली, ही नाराजी साचली होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली पंढरपुरात मंदिर खुले करण्यासाठी आंदोलन झाले होते. मंदिरे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला परत उघडली. नियमामागील तर्क सर्वांना सारखा लागू होत नाही असे दिसले की अत्यंत आदरणीय माणसाचा शब्दही थिटा पडतो.

अंत्यविधीचा प्रश्न याहून नाजूक. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मृत्यू पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि विरोध होताच त्याच दिवशी बदलले. काही तासांचाच हा प्रकार, पण एका समाजाच्या मनात ‘मेल्यावरही आमचे काय होईल’ ही शंका रुजविण्यास पुरेसा. याउलट मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताने आपणहून दहनास मुभा दिली. पारशी समाजाच्या दोख्म्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, मृतदेहाला पक्ष्यांचा स्पर्श होऊ नये यासाठी जाळी लावण्यासह एक कार्यपद्धती उभय पक्षांनी मान्य केली. पश्चिम आफ्रिकेत २०१४ च्या इबोला साथीत हेच घडले होते. मृताला स्नान घालण्याच्या प्रथेतून संसर्ग पसरत होता; सक्तीने नेलेली प्रेते लोक लपवू लागले. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांशी बोलून सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची पद्धत आखली. प्रत्यक्ष स्नानाऐवजी कोरडी शुद्धी, आणि नातलगांना व धर्मगुरूला दफनाच्या जागी हजर राहण्याची सोय. रोगाचे शास्त्र तेच राहिले. बदलली ती मृताच्या घरच्यांशी वागण्याची रीत.

जालना जिल्ह्यातील एक कीर्तन

लसीच्या बाबतीत जालना जिल्ह्याने एक बोलके उदाहरण दिले. नोव्हेंबर २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध कीर्तनकार निवृत्तीमहाराज इंदुरीकर यांनी नाशिक जिल्ह्यातील एका कीर्तनात आपण लस घेतलेली नाही आणि घेणार नाही, असे सांगितले. ग्रामीण महाराष्ट्रात त्यांच्या श्रोत्यांची संख्या पाहता आरोग्य खात्याला धडकी भरावी असेच ते विधान होते. टीका झाली, कारवाईची मागणी झाली. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे हे जालना जिल्ह्यातलेच, घनसावंगीचे त्या वेळचे आमदार. त्यांनी कारवाईची भाषा न करता आपण महाराजांशी बोलू असे सांगितले. पुढे जालना जिल्ह्यातच टोपे यांच्या उपस्थितीत झालेल्या कीर्तनात इंदुरीकर यांनी लोकांना लस घेण्याचे आवाहन केले.

त्याच महिन्यात शेजारच्या औरंगाबाद (आजच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात लसीची एकही मात्रा न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन न देण्याचा आदेश निघाला होता. सक्तीने आकडा वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रेशनसाठी लस घेतलेला माणूस पुढच्या लसीच्या वेळी पुन्हा तेवढ्याच संशयाने उभा राहतो.

मालेगावने हा संशय दोन पिढ्या अनुभवला. पोलिओचे थेंब म्हणजे वंध्यत्वाचे औषध, ही अफवा उत्तर प्रदेशाप्रमाणे येथेही होती. २०१० मध्येही या शहरात पोलिओचे रुग्ण आढळले. उत्तर प्रदेशात २००२ नंतर इमाम, मदरशांचे शिक्षक आणि मुस्लिम विद्यापीठांतील मंडळी यांना जोडून घेण्यात आले. मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून घोषणा होत आणि काही ठिकाणी पहिला थेंब मौलानांच्या हातून दिला जाई. मात्र केवळ घोषणा पुरली नाही. ‘ताप आला, हगवण लागली तेव्हा कोणी फिरकत नाही, पोलिओसाठीच सारे का येतात?’ हा आयांचा प्रश्न रास्त होता. त्यावर आरोग्य शिबिरे, साबण, क्षारसंजीवनी आणि इतर लसी यांची जोड द्यावी लागली. देशात २००९ मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

एप्रिल २०२० मध्ये मालेगावात करोना पोहोचला तेव्हा घरोघर माहिती गोळा करणाऱ्या आशा सेविकांकडे लोक नागरिकत्व नोंदणीच्या भीतीने पाहत होते. येथेही धर्मगुरू, युनानी वैद्य आणि स्थानिक डॉक्टर पुढे आल्यावरच दारे उघडू लागली. गोवंडीतील गोवर, २०२२ ची साथ, हा त्याचाच पुढचा अध्याय. महापालिकेने मौलानांची मदत घेतली. मात्र तेथील मुले लसीवाचून राहिली ती केवळ धर्मश्रद्धेमुळे नव्हे. करोनाकाळात लसीकरण रखडले होते, कुटुंबे जागा बदलत होती आणि लसीनंतर मुलाला ताप आला तर आईचा रोज बुडणार होता. प्रत्येक नकाराला ‘धार्मिक’ म्हणण्याची सवय आरोग्य यंत्रणेने सोडलेली बरी. त्यात स्वतःची अनास्था झाकण्याची सोय असते.

धर्मगुरूंनाही मर्यादा आहेत. त्यांचा शब्द सर्वांना सारखा पोहोचत नाही. मशिदीच्या सभेत आणि पारावरच्या बैठकीत निर्णय घेणारे बहुधा पुरुष असतात, मुलाला कडेवर घेऊन लसीला जाणारी स्त्री तेथे नसते. काही जण स्वतःच भस्म, ताईत वा काढा विकतात. आणि लस वा व्यवस्था चुकली तर शब्द देणाऱ्याची पत जाते. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे हाफकिन यांच्या लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले; दोष प्रयोगशाळेचा नव्हता हे सिद्ध होण्यास पाच वर्षे लागली. जो धर्मगुरू उद्या हमी देणार आहे, त्याला संभाव्य दुष्परिणामही आधी सांगितले पाहिजेत.

महाराष्ट्राजवळ याबाबतची आपली अशी एक परंपरा आहे. गाडगेबाबा गावात येत ते खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना प्रश्न विचारावयाचे, असा त्यांचा क्रम. देवाला बोकड मारू नका, ऋण काढून सण करू नका, घाणीत राहू नका, हे ऐकून घेतले गेले, कारण सांगणाऱ्याने सकाळी स्वतःच्या हाताने गटार साफ केलेले असे. राज्य शासनाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले.

मराठवाड्यात अखंड हरिनाम सप्ताह ही आजही गावाची सर्वांत मोठी बैठक असते. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन. सातही दिवस सारे गाव एका मंडपात. साथ आल्यावर त्या मंडपावर बंदी घालण्यासाठी गावात जाणारा अधिकारी, साथ नसताना एकदाही त्या मंडपात येऊन बसलेला नसेल, तर त्याचे कोणी ऐकण्याचे कारण नाही. सप्ताहाचे पाणी तपासणे, महाप्रसादाच्या स्वयंपाकाची जागा पाहणे, कीर्तनकाराला लसींची माहिती देणे ही कामे शांत दिवसांत करावयाची असतात.

२०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. वाटेवर आरोग्य पथके, रुग्णवाहिका, पाण्याची तपासणी, फिरती शौचालये अशी व्यवस्था होती आणि पुढील वर्षांत ती वाढत गेली. ही व्यवस्था ज्या चौकटीत बसते ती मात्र वारकऱ्यांची स्वतःची आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची की रथामागची हे ठरलेले असते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामी पोहोचली की समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय झाले ते विचारतो, त्याची दखल घेतो. मगच ते टाळ थांबतात आणि आरती सुरू होते.